छत्तर मंझिलमधील गुग्गुळ

हृदयविकारावरील औषधांचा भारतात जो शोध विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घेतला गेला, त्यातील एक महत्त्वाचे पर्व लखनऊमध्ये गोमतीच्या काठावरील एका जुन्या राजवाड्यात घडले. अवधचा अधिपती गाझीउद्दीन हैदर याच्या काळात बांधायला घेतलेल्या आणि त्याचा मुलगा नसीरुद्दीन हैदर याच्या कारकिर्दीत पूर्ण झालेल्या छत्तर मंझिल या वास्तूत स्वातंत्र्यानंतर केंद्रीय औषध संशोधन संस्थेला जागा मिळाली आणि १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी तिचे उद्घाटन केले. मुडदूस हा आहारातील उणिवेमुळे होणारा विकार आहे आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो टळतो, हे दाखवून देणारे ब्रिटिश वैद्यकशास्त्रज्ञ सर एडवर्ड मेलॅनबी हे या संस्थेचे पहिले संचालक होते. रसायनशास्त्रापासून प्राण्यांवरील परीक्षणापर्यंत आणि तेथून रुग्णांवरील चाचण्यांपर्यंत औषधनिर्मितीचा सगळा प्रवास एकाच संस्थेच्या देखरेखीखाली व्हावा, ही तिच्यामागची कल्पना त्या काळाच्या मानाने धाडसाची होती, कारण भारतीय औषध उद्योग तेव्हा मुख्यतः परदेशात शोधलेली औषधे येथे तयार करण्यावर किंवा येथे आणून विकण्यावर उभा होता. या कल्पनेची खरी कसोटी ज्या थोड्या औषधांनी पाहिली, त्यांत गुग्गुळापासून काढलेल्या गुगुलिपिडचे स्थान वरचे आहे.

गुग्गुळ हा कच्छ, राजस्थान आणि सिंधच्या कोरड्या, खडकाळ प्रदेशात वाढणाऱ्या एका काटेरी झुडपाचा चीक आहे. झुडपाच्या खोडाला चीर दिली की त्यातून जो पिवळसर तपकिरी स्राव पाझरतो आणि वाळून घट्ट होतो, त्यात सुगंधी तेल, राळ आणि डिंक हे तिन्ही एकत्र असतात. महाराष्ट्रात तो घरोघरी धुपासाठी जाळला जातो, आणि योगराज गुग्गुळ किंवा त्रिफळा गुग्गुळ ही नावे आयुर्वेदाशी फारसा संबंध नसलेल्या माणसाच्याही कानावरून गेलेली असतात. सुश्रुतसंहितेत स्थौल्याच्या, म्हणजे अतिलठ्ठपणाच्या उपचारात शिलाजित, त्रिफळा, जव, मूग यांच्या जोडीने गुग्गुळाचा उल्लेख येतो. त्याच ठिकाणी स्निग्ध व गोड आहार, दिवसा झोप आणि व्यायामाचा अभाव यांमुळे मेद वाढतो, शरीरातील स्रोतस म्हणजे वाहिन्या रोधल्या जातात आणि त्यातून गंभीर विकार उद्भवतात, असा क्रमही मांडलेला आहे. जुन्या ग्रंथांनी आणखी एक सूक्ष्म भेद केलेला आहे. त्यांच्या मते नवा गुग्गुळ शरीराचे पोषण करतो आणि जुना गुग्गुळ मेद खरवडून काढतो. हा भेद या कथेच्या शेवटी पुन्हा लक्षात घ्यावा लागतो.

या वर्णनाचा आधुनिक हृदयरोगशास्त्राशी संबंध जोडण्याचे श्रेय लखनऊच्याही आधी वाराणसीला जाते. १९४८ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रॅमिंगहॅम या गावातील रहिवाशांचे दीर्घकालीन निरीक्षण सुरू झाले होते, आणि १९६०च्या दशकाच्या आरंभापर्यंत रक्तदाब व रक्तातील कोलेस्टेरॉल यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध त्यातून पुरेसा स्पष्ट झाला होता. कोलेस्टेरॉल हा शरीराला आवश्यक असलेला मेणासारखा स्निग्ध पदार्थ आहे. पण रक्तात त्याचे प्रमाण दीर्घकाळ जास्त राहिले, तर धमन्यांच्या आतल्या भिंतीत त्याचे थर साचतात, धमन्या अरुंद होतात आणि हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडते. बनारस हिंदू विद्यापीठात आयुर्वेदाच्या पदव्युत्तर संशोधक असलेल्या जी. व्ही. सत्यवती यांना सुश्रुतांचा मेदोरोग आणि धमन्यांचा हा विकार यांत साम्य दिसले. सुश्रुतांनी सांगितलेला उपाय प्रयोगशाळेत तपासता येईल, असे त्यांनी ठरवले. सशांना कोलेस्टेरॉल वाढवणारा स्निग्ध आहार देऊन गुग्गुळाने ते उतरते का, हे त्यांनी पाहिले आणि १९६६ मध्ये आपला प्रबंध सादर केला. सी. द्वारकानाथ आणि एस. एन. त्रिपाठी यांच्यासह त्यांनी लिहिलेला प्रयोगांचा वृत्तांत १९६९ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाला. सत्यवती पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. तथापि त्यांच्या कार्याचे मोल त्या पदापेक्षा या प्रबंधात अधिक आहे, कारण प्राचीन ग्रंथातील विधान आदराने उद्धृत करून थांबण्याऐवजी त्याला खोटे ठरण्याची पूर्ण संधी देणारा प्रयोग त्यांनी त्यात केला.

लखनऊमध्ये हा धागा डॉ. स्वर्ण नित्यानंद आणि एन. के. कपूर यांनी उचलला. संस्थेत भारतीय वनस्पतींच्या अर्कांची पद्धतशीर जैविक तपासणी आधीच सुरू होती आणि तिचा पहिला मोठा वृत्तांत १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यामुळे गुग्गुळाकडे पाहण्यासाठी लागणारी यंत्रणा तयार होती. १९७१ मध्ये नित्यानंद आणि कपूर यांनी गुग्गुळाच्या राळेमुळे प्राण्यांतील कोलेस्टेरॉल कमी होते, हे आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि दोन वर्षांनी त्या राळेचे वेगवेगळे अंश पाडून त्यांपैकी कोणता अंश काम करतो, याचा अहवाल दिला. ऐकायला साधे वाटणारे हे काम सगळ्या प्रकल्पाचा पाया ठरले. कच्च्या गुग्गुळात डिंकासारख्या कर्बोदकांचा मोठा भाग असतो, आणि एथिल ॲसिटेट या द्रावकात न विरघळणारा हा भाग चरबीवर काही परिणाम तर करत नाहीच, उलट तो अपायकारक असतो, असे आढळले. द्रावकात विरघळणारा अंश वेगळा काढला की गुणकारी भाग एकवटतो आणि पोटाला त्रास देणारा भाग मागे राहतो. वैद्य गुग्गुळ वापरण्यापूर्वी त्रिफळ्याच्या काढ्यात किंवा गोमूत्रात तो शिजवून, गाळून त्याचे शोधन करतात. त्या परंपरेमागेही काही भाग काढून टाकण्याचीच गरज होती, असे मानायला जागा आहे. दोन्ही मार्गांनी निघणारा पदार्थ मात्र एकच असतो, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

गुणकारी अंशात नेमके कोणते रेणू आहेत, या प्रश्नाचे उत्तर पुण्यातून आले. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव यांच्या मार्गदर्शनाखाली व्ही. डी. पाटील आणि यू. आर. नायक हे आयुर्वेदातील कच्च्या औषधींच्या रसायनाचा अभ्यास करीत होते. त्यांचा गुग्गुळावरील निबंध १९७२ मध्ये ‘टेट्राहेड्रॉन’ या नियतकालिकात आला आणि त्यात गुग्गुलस्टेरोन या संयुगाच्या दोन रूपांची संरचना मांडलेली होती. ही स्टेरॉइड वर्गातील, म्हणजे कोलेस्टेरॉलसारखाच चार कड्यांचा सांगाडा असलेली संयुगे आहेत. दोन्ही रूपांतील अणू तेच आणि तेवढेच असतात. फक्त एका दुहेरी बंधाभोवती त्यांची मांडणी वेगळी असते. एकाच बाजूला येणाऱ्या मांडणीला ‘झेड’ आणि विरुद्ध बाजूंना जाणाऱ्या मांडणीला ‘ई’ म्हणतात, आणि ही अक्षरे ‘एकत्र’ व ‘विरुद्ध’ या अर्थांच्या जर्मन शब्दांची आद्याक्षरे आहेत. या शोधामुळे लखनऊच्या गटाच्या हाती एक मोजपट्टी आली. झुडूप कोणत्या जिल्ह्यातले, चीक कोणत्या ऋतूतला, व्यापाऱ्याने त्यात काय मिसळले, यांवर गुग्गुळाचा कस बदलतो. आता अर्काच्या प्रत्येक खेपेत या दोन रेणूंचे प्रमाण मोजून ते ठरावीक मर्यादेत ठेवता येऊ लागले. असा प्रमाणित केलेला अर्क म्हणजे गुगुलिपिड. वाराणसीचा प्रश्न, पुण्याचे रसायन आणि लखनऊचे औषधशास्त्र यांचा असा मेळ त्या काळात विरळाच बसलेला दिसतो.

याच दशकात लखनऊच्या प्रयोगशाळेत हृदय व रक्ताभिसरणाशी संबंधित दुसरेही एक द्रव्य हाती आले होते आणि त्याचा दुसरा धागा मुंबईत होता. कोलियस फोर्स्कोली या ओव्याच्या पानाच्या कुळातील वनस्पतीचे मूळ, ज्याचे गुजरातमध्ये ‘गरमर’ या नावाने लोणचे घालतात, त्यातून संस्थेतील शास्त्रज्ञांनी रक्तदाब उतरवणारे कोलिओनॉल हे संयुग वेगळे केले. जवळजवळ त्याच वेळी मुलुंड येथील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात एस. व्ही. भट, एन. जे. डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याच वनस्पतीतून फोर्स्कोलिन मिळाले. दोन्ही गटांनी मांडलेल्या संरचनांत किंचित फरक असल्यामुळे ही दोन भिन्न द्रव्ये आहेत, असा समज काही वर्षे टिकला; पुढे संरचनेची फेरतपासणी झाली आणि दोन्ही नावांखाली एकच रेणू होता, हे १९८५ पर्यंत स्पष्ट झाले. जगाने स्वीकारले ते मुलुंडचे नाव. १९८१ मध्ये अमेरिकेत सीमन, पॅजेट आणि डेली यांनी दाखवले की हे द्रव्य पेशीतील ॲडेनिलेट सायक्लेज या विकराला, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला, थेट चालना देते. त्यानंतर पेशीतील संदेशवहनाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत जगभर ते नित्याचे साधन बनले. त्याचे पाण्यात विरघळणारे एक रूप जपानमध्ये तीव्र हृदयनिकामीपणावर औषध म्हणून वापरात आले. लखनऊच्या गटाच्या कामाची दखल या यशात फारशी घेतली गेली नाही, हे खेदाने नोंदवावे लागते.

गुगुलिपिडच्या बाबतीत मात्र संस्थेने शेवटपर्यंत पाठपुरावा केला. प्राण्यांवरील परिणामकारकतेच्या आणि विषबाधेच्या चाचण्या झाल्यावर रुग्णांवरील परीक्षणासाठी शहरातलेच किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय पुढे आले. तेथील आर. सी. अगरवाल, एस. पी. सिंग, आर. के. सरन आणि इतरांनी संस्थेचे ओ. पी. अस्थाना, स्वर्ण नित्यानंद व बी. एन. धवन यांच्यासह केलेल्या अभ्यासाचा वृत्तांत १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या टप्प्यात २१ रुग्णांना चार आठवडे औषध देऊन ते सोसते का, हे पाहिले गेले, आणि दुसऱ्या टप्प्यात १९ रुग्णांना ५०० मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून तीन वेळा याप्रमाणे १२ आठवडे देण्यात आली. त्यांपैकी १५ जणांत कोलेस्टेरॉल सरासरी १७.५ टक्के आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील दुसऱ्या प्रकारची चरबी, ३०.३ टक्के उतरली.

यानंतरची बहुकेंद्री चाचणी मुंबई, बंगळूर, दिल्ली, जयपूर, लखनऊ, नागपूर आणि वाराणसी या सात शहरांत झाली आणि नित्यानंद, जे. एस. श्रीवास्तव व अस्थाना यांनी १९८९ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. तिचे दोन भाग होते आणि त्यांतील आकडे शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. पहिल्या भागात रुग्णांना आधी आठ आठवडे पथ्य आणि प्लासिबो, म्हणजे औषधी गुण नसलेली पण औषधासारखीच दिसणारी गोळी, दिली गेली. त्यानंतरचे १२ आठवडे २०५ जणांनी उघडपणे गुगुलिपिड घेतले, आणि त्यांपैकी ७० ते ८० टक्के रुग्णांत कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्के तर ट्रायग्लिसराइड २२.६ टक्के कमी झाले. दुसरा भाग दुहेरी अंध पद्धतीचा होता, म्हणजे कोणाला कोणते औषध मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. शिवाय ठरावीक काळानंतर औषधांची अदलाबदल केली जात होती. त्यात १२५ रुग्णांनी गुगुलिपिडचा आणि १०८ रुग्णांनी क्लोफायब्रेट या तेव्हाच्या प्रचलित औषधाचा क्रम पूर्ण केला. येथे गुगुलिपिडने कोलेस्टेरॉल सरासरी ११ टक्के आणि ट्रायग्लिसराइड १६.८ टक्के उतरवले. क्लोफायब्रेटचे आकडे अनुक्रमे १० आणि २१.६ टक्के होते. प्रतिसाद देणाऱ्यांपैकी ६० टक्के रुग्णांत उपकारक समजले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल गुगुलिपिडमुळे वाढले, क्लोफायब्रेटने त्यात फरक पडला नाही.

उघड चाचणीतील २३.६ टक्क्यांची घट अंध चाचणीत ११ टक्क्यांवर आली, या गोष्टीला त्या काळी द्यायला हवे होते तितके महत्त्व दिले गेले नाही. औषध मिळते आहे हे ठाऊक असलेला रुग्ण पथ्यही नेटाने पाळतो, आणि फक्त प्रतिसाद देणाऱ्यांची सरासरी काढली की ती अपरिहार्यपणे मोठी दिसते. अंध भागातही तुलना होती ती क्लोफायब्रेटशी, आणि त्या औषधाची प्रतिष्ठा तोवर डळमळीत झालेली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने एडिंबरा, प्राग आणि बुडापेस्ट येथे झालेल्या मोठ्या चाचणीचा १९७८ मधील अहवाल सांगत होता की क्लोफायब्रेटने प्राणघातक नसलेले हृदयविकाराचे झटके कमी झाले, पण औषध घेणाऱ्यांत इतर कारणांनी होणारे मृत्यू वाढले. रक्ततपासणीतला आकडा सुधारतो आणि माणूस तरीही वाचत नाही, ही शक्यता त्या अहवालाने सर्वांसमोर मांडली होती. लखनऊच्या संशोधकांनी त्या काळाच्या रीतीप्रमाणे आणि हाती असलेल्या साधनांनिशी प्रामाणिक काम केले, यात शंका नाही. मात्र त्यांचे मोजमाप रक्तातील चरबीपाशी थांबले, झटके आणि मृत्यू यांच्यापर्यंत ते कधीच पोचले नाही.

१९८७ मध्ये गुगुलिपिड मुंबईच्या सिप्ला कंपनीमार्फत भारतीय बाजारात आले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लोव्हास्टॅटिनला मंजुरी दिली. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७०च्या दशकात एका बुरशीतून शोधलेल्या कॉम्पॅक्टिनपासून या स्टॅटिन वर्गाची सुरुवात झाली होती. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याची वाटच ही औषधे अडवतात. १९९४ मध्ये ४,४४४ रुग्णांवरील स्कँडिनेव्हियन चाचणीने दाखवले की सिम्व्हास्टॅटिनमुळे एकूण मृत्यूच ३० टक्क्यांनी घटतात, आणि त्यानंतर कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या कोणत्याही औषधाला याच पातळीचा पुरावा मागितला जाऊ लागला. तसा पुरावा उभारायला हजारो रुग्ण, अनेक वर्षे आणि प्रचंड खर्च लागतो. गुगुलिपिडसाठी तो खर्च कोणीही उचलला नाही आणि परिणामी भारतातल्याच हृदयरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठ्यांवर स्टॅटिनने जागा घेतली.

गुग्गुळाचे काम कसे चालते, याचा शोध मात्र थांबला नव्हता. लखनऊमध्येच व्ही. सिंग, एस. कौल, रमेश चंदर आणि कपूर यांनी १९९० मध्ये दाखवले की गुग्गुलस्टेरोन दिलेल्या उंदरांच्या यकृतात रक्तातील एलडीएल, म्हणजे घातक समजले जाणारे कोलेस्टेरॉल, टिपून घेणाऱ्या ग्राहींची क्रिया वाढते. २००२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टनच्या एका गटाने ‘सायन्स’मध्ये लिहिले की गुग्गुलस्टेरोन यकृतातील एफएक्सआर या पित्ताम्ल ओळखणाऱ्या ग्राहीला रोखते, आणि ती ग्राही जनुकीय पद्धतीने काढून टाकलेल्या उंदरांत त्याचा कोलेस्टेरॉलवरील परिणाम नाहीसा होतो. पुण्यात ओळखलेला रेणू तीस वर्षांनी जीवशास्त्राच्या अग्रभागी आला, याचा आनंद भारतात व्यक्त झाला, पण तो अल्पकाळ टिकला. २००३ मध्ये फिलिप ओ. स्झॅपरी आणि पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील त्यांच्या सहकाऱ्यांनी १०३ प्रौढांवरील आठ आठवड्यांच्या चाचणीचा निष्कर्ष अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. प्लासिबो घेणाऱ्यांचे एलडीएल ५ टक्क्यांनी उतरले होते, तर १,००० मिलिग्रॅम गुगुलिपिड दिवसातून तीन वेळा घेणाऱ्यांचे ४ टक्क्यांनी आणि २,००० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे ५ टक्क्यांनी वाढले. सहा जणांच्या अंगावर पुरळही उठले. नॉर्वेतील ४३ रुग्णांच्या पुढील चाचणीत एकूण कोलेस्टेरॉल थोडे कमी झाले, पण एलडीएलमध्ये प्लासिबोच्या तुलनेत फरक दिसला नाही.

या विसंगतीची अनेक कारणे सुचवली गेली. अमेरिकन आहार आणि भारतीय आहार भिन्न आहेत, मूळचे कोलेस्टेरॉल भिन्न असते, औषध हाताळणाऱ्या यकृतातील विकरांत जनुकीय फरक असू शकतात, आणि अर्कातील दोन रेणूंचे प्रमाण सारखे असले तरी उरलेले शंभर घटक सारखे असतीलच असे नाही. वैद्यांचा आक्षेप याहून मूलभूत होता. त्यांच्या मते जुना, शोधित, पथ्यासह दिलेला गुग्गुळ आणि एथिल ॲसिटेटने काढलेला अर्क यांना एकच औषध समजणे चूक आहे. हा आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे, परंतु तो शेवटी चाचणीचीच मागणी करतो. शोधित जुन्या गुग्गुळाची अंध, प्लासिबोशी तुलना करणारी, दीर्घ मुदतीची चाचणी करून दाखवणे हे आक्षेप घेणाऱ्यांचे काम होते. अनुकूल निष्कर्ष आला की परंपरेचा विजय आणि प्रतिकूल आला की परदेशी पद्धतीचा दोष, अशी भूमिका सत्यवती आणि नित्यानंद यांनी निवडलेल्या मार्गाच्या विरुद्ध जाते.

दरम्यान झुडपावरचे संकट वाढत गेले. औषध कंपन्यांची आणि धूपविक्रेत्यांची मागणी भागवताना चीक अधिक मिळावा म्हणून खोडाला वारंवार आणि खोल चिरा दिल्या जातात, त्यामुळे झुडूप सुकून मरते. त्याची वाढही अतिशय संथ आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत गुग्गुळाची नोंद आता अतिसंकटग्रस्त प्रजाती म्हणून आहे. लखनऊची संस्थाही छत्तर मंझिल सोडून शहराच्या उत्तरेकडील जानकीपुरम विस्तारातील नव्या प्रांगणात गेली आहे.

हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू यांवर गुग्गुळाचा काय परिणाम होतो, हे मोजणारी मोठी चाचणी आजवर झालेली नाही. ती भारतात आणि सार्वजनिक पैशातून व्हावी, आणि तिचा निष्कर्ष कोणताही आला तरी प्रसिद्ध व्हावा. तोपर्यंत ज्यांना डॉक्टरांनी स्टॅटिन दिलेले आहे, त्यांनी ते स्वतःच्या मनाने बंद करून गुग्गुळाच्या गोळ्यांवर विसंबू नये.